वर म्हणजे कुठं?

मोहिमेचा हेतू ऐकून कुणालाही हसू आलं असतं. ताई आपल्या धाकट्या भावाला घेऊन डोंगरात निघाली होती, ती एक यंत्र निवडायला! मोटारसायकलच्या हँडलवर बसवायचं, उपग्रहांना विचारून वाट दाखवणारं तळहाताएवढं जीपीएस. दुकानदारानं दोन यंत्रं चालवून बघायला दिली होती. जे पसंत पडेल ते ठेवायचं, दुसरं परत करायचं. चाचणीसाठी वाटही साधीसुधी निवडली नव्हती. जंगलातून चढत जाणारी, माणसांनी जवळजवळ टाकून दिलेली जुनी घाटवाट, आणि माथ्यावरची खिंड.

ताईचं मात्र सगळं या यंत्रावर पणाला लागलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे बसवल्यावर तिला एकदाच, एकटीनं, मोटारसायकलवरून देशाच्या दुसऱ्या टोकाच्या समुद्रापर्यंत जायचं होतं. गाडी ती झकास चालवायची. फक्त दिशा म्हणून काही कळायची नाही! दुकानातून बाहेर पडली की आली त्याच्या नेमक्या उलट बाजूला चालायला लागायची. घरात तिचं नावच मुळी ‘चकवा’ पडलं होतं.

“अगं, तू कुठं हरवलीस तर मी तुला शोधायचं तरी कुठं?” नवरा म्हणाला होता. तो चेष्टा करत नव्हता, खरंच घाबरला होता. म्हणून तर ताईला त्याच्याशी धड भांडताही येईना. शेवटी ठरलं असं, की भावानं बरोबर जाऊन बघावं. तो ‘जाऊ दे’ म्हणाला तर ताईनं जायचं. ‘नको’ म्हणाला तर विषय बंद.

भाऊ ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत, आणि तोही अंथरुणात शिरेपर्यंत मास्तरच असायचा. मोठ्या चकचकीत पडद्याचं यंत्र त्यानं स्वतःच्या गाडीवर चढवलं. ताईच्या वाट्याला आलं बुटकं, जाडजूड, कडेला रबरी बटणं असलेलं ध्यान.

“याचा पडदा बघ, ताई! बोट लावलं की नकाशा पळतो. तुझं ते म्हणजे आजोबांचा रेडिओ!”

“मोबाइल आहे की, असं हे म्हणत होते. त्यापेक्षा तरी बरं ना?”

“मोबाइलला डोंगरात रेंज नसते आणि खडखडाटानं कॅमेऱ्याची वाट लागते. चल, गाडी काढ. आरसे बघ!”

पहिल्याच चौकात ताईवर मान खाली घालायची पाळी आली. तिच्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘उ’ लिहिलेला छोटासा काटा होता. उ म्हणजे उजवीकडे! तिनं खुशाल गाडी उजवीकडे घातली.

हेल्मेटमधल्या माइकवर मास्तर खो खो हसला. “अगं, उ म्हणजे उत्तर! उत्तर दिशा! दाजींना सांगू का आत्ताच?”

“सांग जा,” ताई म्हणाली. पण आतून तिला फार लागलं होतं.

दुपारपर्यंत वाट सोबतीला चांगली होती. उंच, काळ्या बुंध्यांच्या झाडांमधून ती वळणं घेत दक्षिणेकडे चढत होती. ऊन पानांतून गळून रस्त्यावर तुकड्यातुकड्यांनी पडलं होतं, आणि दोन्ही इंजिनांचा आवाज सोडला तर सगळं रान कान देऊन बसल्यासारखं गप्प होतं. ताई मनातल्या मनात आपल्या चष्म्याच्या दुकानातलाच खेळ खेळत होती. डोळे तपासायला बसलेल्या माणसाला ती एकदम पाच प्रश्न विचारत नसे. काच बदलायची आणि विचारायचं, हे बरं की ते? तसंच आता. उन्हात कुणाचा पडदा दिसतो? मोठ्याचा नाही, बुटक्याचा. हातमोजे घालून कुठलं चालतं? मोठं नाही, बुटकं! मास्तर दर वळणावर दातांनी हातमोजा ओढत होता आणि पुटपुटत होता.

मग आभाळ भरून आलं. पाऊस कोसळला, त्याच्या मागोमाग गारा! एका ओढ्यावरच्या दगडी पुलाशी ताई रेनकोट चढवायला थांबली.

“मी होतो पुढं. माझ्या मागून ये,” मास्तर म्हणाला, आणि धुक्यात दिसेनासा झाला.

रेनकोटची चेन लावेपर्यंत माइकमधून धाडकन आवाज आला. मग नुसती खरखर.

“मास्तर? अरे, मास्तर!”

“ताई... पडलो. ओढा ओलांडताना. गाडी पायावर आहे. निघत नाहीये पाय!”

“आहेस कुठं तू?”

“पडद्यावर पाणी पडून पडून यानं आपोआपच दुसरा रस्ता लावला गं, मला कळलंच नाही! फाट्याला आत वळलो. पुलाच्या वर आहे. नकाशात दिसतंय, पुलाच्या अगदी सरळ वर! लवकर ये, पाणी चढतंय!”

वर! ताईनं गाडी उडवली. रस्ता पुलापासून वर चढत होता, ती वर चढली. फाटा दिसला, आत वळली. चिखल! मागचं चाक सरकलं, सावरलं. पुढं दरड कोसळून सगळी वाट खडीनं भरली होती. ती पायांनी रेटत गाडी त्यावरून घेऊन गेली. ओढ्याचा मात्र पत्ता नव्हता.

“मास्तर, बोलत राहा!”

“...मांडीपर्यंत... ताई, कुठं...”

आवाज तुटायला लागला होता. आणखी एक वळण चढली, तर नुसती खरखर. लागला चकवा! सगळे म्हणत होते ते खरंच होतं. ती गाडीवर बसून हमसून रडायला लागली. तिचा धाकटा भाऊ पाण्यात पडला होता, आणि त्याला शोधायला या जगात एकच माणूस होतं, तेही तिच्यासारखं!

रडता रडताच तिच्या डोक्यात आलं, की हा माइक जवळच्या जवळच चालतो. खाली आवाज स्वच्छ होता, वर येताना तुटत गेला. म्हणजे आपण त्याच्यापासून लांब चाललोय! पण तो तर म्हणाला, वर. वर म्हणजे कुठं? डोंगराच्या वर, की पडद्याच्या वर?

तिनं गाडी वळवली. घसरत, धडपडत, दरड ओलांडून खाली आली. आवाज परत जागा झाला.

“...ताई! ताई!”

“ऐक. घाबरू नकोस. मी विचारते तेवढंच सांग.” तिचा आवाज दुकानातला झाला होता, खुर्चीत बसलेल्या माणसाशी बोलतानाचा. “तुझ्या पडद्यावर तुझ्या गाडीचा बाण आहे ना? तो पडद्याच्या वरच्या कडेकडे सरळ तोंड करून आहे, की आडवा?”

“काय विचारतेस तू! कमरेपर्यंत पाणी आलंय इथं!”

“सरळ की आडवा?”

“आ... आडवा! उजवीकडं तोंड करून.”

ताईच्या बुटक्यावर बाण कायम वरच बघायचा. गाडी वळली की बाण नाही, नकाशा फिरायचा. मास्तरचा बाण आडवा होता, म्हणजे त्याचा नकाशा जागचा हलत नव्हता. आणि नकाशा हलत नाही तेव्हा पडद्याची वरची बाजू म्हणजे उत्तर! मास्तरनं सांगितलेलं ‘वर’ म्हणजे पुलाच्या उत्तरेला.

तिनं गाडी हळूहळू फिरवली, उ चा काटा पडद्यात बरोबर वर येईपर्यंत. आता ती ज्या दिशेला तोंड करून उभी होती, तिकडे उतार होता. वर नव्हे, खाली! पुलापलीकडे खालच्या दरीत!

“आले रे!”

पुलाजवळच झुडपांमागे एक फाटा खाली उतरत होता. ताई त्यात शिरली. फांद्या हेल्मेटवर सटासट बसत होत्या. एक वळण. दुसरं वळण. पाण्याचा गडगडाट. आणि मास्तर!

तो कुशीवर पडला होता, कोपरावर छाती तोलून. गढूळ पाणी त्याच्या काखेला लागलं होतं आणि ओठ निळे पडले होते. ताई गाडी सोडून पाण्यात उतरली. त्याच्या गाडीवरची सामानाची पेटी ओढून काढली, वाहू दिली. गाडी ओढली. हलेना!

“पाठ लाव!” मास्तर ओरडला. “सीटला पाठ लाव! जोर गुडघ्यांतून! कंबर नाही, गुडघे!”

“शिकवू नकोस, पाय काढ!”

तिनं सीटला पाठ लावली, हँडल धरलं, पाय रोवले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला. गाडी बोटभर उचलली. आणखी थोडी. मास्तरनं किंचाळत पाय ओढून घेतला. दुसऱ्या क्षणी ओढ्यानं गाडी फिरवून परत आडवी केली. पण तोवर बहीणभाऊ एकमेकांना धरून काठावर पडले होते. मास्तर लहान मुलासारखा रडत होता, आणि ताई त्याच्या डोक्यावरून हातमोज्यासकट हात फिरवत होती.

धुकं क्षणभर फाटलं आणि वर खिंड दिसली, गारांनी पांढरी झालेली, अगदी हाताशी आल्यासारखी. ताईनं एकदाच तिच्याकडे बघितलं.

“राहू दे ती. चल घरी.”

मास्तरला मागं बसवून, त्याची गाडी ओढ्यातच सोडून ताई ती सगळी घाटवाट उतरली. त्याचा घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. दर फाट्याला ताई थांबायची, पडदा बघायची, मगच वळायची. मास्तरनं पूर्ण वाटभर आरसे बघ असंसुद्धा म्हटलं नाही. पायथ्याच्या गॅरेजशी रेंज आली, आणि लगेच त्याच्या खिशात फोन वाजला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो फोन तेवढा वाचला होता.

“काय रे, केव्हाचा लावतोय फोन!” स्पीकरमधून ताईच्या नवऱ्याचा घाबराघुबरा आवाज आला. “सगळं ठीक ना? कुणी हरवलं-बिरवलं नाही ना?”

मास्तरनं ताईकडं बघितलं. “हरवलं होतं, दाजी.”

झालं, संपलं सगळं. समुद्र तिच्या डोळ्यांसमोरून दूर जायला लागला.

“मी हरवलो होतो,” मास्तर म्हणाला. त्याचा आवाज फाटला. “पाण्यात अडकलो होतो. तिनं मला शोधून काढलं. दाजी, जाऊ दे तिला.”

पलीकडे नवऱ्यानं नाक ओढलं.

“बरं,” तो कसाबसा म्हणाला. “मग... यंत्र कुठलं ठेवून घ्यायचं म्हणते ती?”

ताईनं भावाच्या हातातून फोन घेतला.

“बटणांचं,” ती म्हणाली. “आणि रडू नका हो, मी अजून गेले नाहीये!”