डावीकडे ओढणारी गाडी

चौकात गाड्या तुंबल्या होत्या. माझ्या पिकअपशेजारी एक सायकल येऊन थांबली आणि तिच्यावरचा लांबलचक माणूस वाकून माझ्या पुढच्या चाकाकडे बघू लागला.

"काही हरवलंय का तुमचं?" मी विचारलं.

"माझं नाही. तुमचा डावा टायर आतून पार गुळगुळीत झालाय. गाडी डावीकडे ओढते ना?"

ओढायची… इतकी, की सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरावं लागे. पण अनोळखी माणसाला कशाला कबूल करा!

"ओढते तर ओढू दे. मी काही कमी नाही."

"ते दिसतंयच," तो हसला. "पण तिच्या पाठीवर काच आहे."

मागचे भोंगे वाजायला लागले. "पाण्याच्या टाकीमागे माझी शेड आहे," तो ओरडून म्हणाला. "ओळंबा कुठे असतो विचारा, कुणीही सांगेल!"

सव्वीस वर्षं झाली या गोष्टीला. बाबांचं काचेचं दुकान होतं. खांदा निकामी झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि ते काम माझ्याकडे आलं. पिकअप माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. घरात तिला सगळे 'म्हातारी'च म्हणत. आई होती तेव्हा आम्ही तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसायचो, मी मधे. आई गेल्यावर बाबांनी त्या सीटचं फाटकं कव्हरसुद्धा बदलू दिलं नाही.

चौकातल्या भेटीच्या त्याच दिवशी वाटेत चाक असं थडथडलं, की शाळेच्या खिडक्यांसाठी नेत असलेल्या चार काचा तडकल्या. बाबांनी तुकडे गोळा केले. जेवताना म्हणाले, "म्हातारीला आता निरोप द्यावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीमागे हजर!

ओळंबा म्हणजे गवंडी भिंत सरळ आहे का बघायला सोडतात ना, तो दोरीचा लोलक. हा माणूस तोच टायरच्या कडेवरून जमिनीवर सोडायचा आणि खडूनं खुणा करायचा. त्यावरून पडलेलं नाव. नाहीतरी होताच तो तसा, उंच, सरळ… आणि बोलायलाही सरळ, हे मला पुढे कळलं.

त्यानं पुढचा भाग जॅकवर उचलला, चाक वर-खाली धरून हलवलं. टक्-टक् आवाज आला.

"बॉल जॉइंट गेलाय. टाय रॉडचं टोकही ढिलं आहे. हे बदलल्याशिवाय चाकांचं अलाइनमेंट करणं म्हणजे पडक्या दाराला रंग देणं."

भाग यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी माप घ्यायचं होतं. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या, आणि मधे म्हातारी. मग त्यानं ओळंबा सोडला.

"हा थांबेपर्यंत बोलायचं नाही."

"बोललं तर हा हलतो?"

"हा नाही हलत…" तो खडूकडे बघत म्हणाला. "मी हलतो."

पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. ग्रीसचा वास, भिजलेल्या मातीचा वास… मी गप्प राहिले. जरा जास्तच वेळ.

"दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं माप मागच्या कडांपेक्षा दोन मिलिमीटर कमी ठेवलंय," शेवटी तो म्हणाला. "चाकं एकमेकांकडे किंचित झुकलेली हवीत. चालायला लागली की आपोआप सरळ होतात."

"किंचितच?"

"जास्त झुकली की झिजतात," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

मग गोदामांमागच्या लांब रस्त्यावर त्यानं शेजारी बसून मला गाडी काढायला लावली. "आता हात सोडा."

"वेड लागलंय का?"

"सोडा तर. मी आहे ना."

मी सोडले. म्हातारी नाकासमोर चालत राहिली, शहाण्या मुलीसारखी. मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यानंतर त्या सीटवर मी पहिल्यांदाच हसत होते.

बारा दिवसांनी गाडी पुन्हा डावीकडे ओढायला लागली. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. त्यानं पुन्हा माप लावलं. दहा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी मात्र तो बराच वेळ गाडीखाली होता. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"स्टिअरिंग बॉक्सच्या मागे चेसिसला तडा आहे. म्हणून माप टिकत नाही. वेल्डिंग करीन, पण आजूबाजूला सगळा गंजच आहे. पुन्हा तुटेल."

"मग दर आठवड्याला माप लावत जा. मी येत जाईन."

"दर आठवड्याला…" तो हळूच हसला. "ऐकायला किती गोड वाटतं. पण नाही. एखाद्या वळणावर ते तुटलं तर? मागे काच, पुढे तुम्ही."

"बाबांना सांगू नका. ते विकून टाकतील."

"ते विचारतील, तर मी खरं सांगणार."

बाबांनी विचारलंच. दुसऱ्या दिवशी स्वतः शेडवर आले, आणि त्यानं त्यांना वाकायला लावून तो तडा बोटानं दाखवला. बाबा म्हातारीच्या बॉनेटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मग नुसती मान हलवली.

त्या आठवड्यात भंगारवाला तिला घेऊन गेला. बाबांनी सीटचं कव्हर तेवढं काढून ठेवलं. बाबांना तडा दाखवला त्या दिवशीच मी ओळंब्याला म्हटलं होतं, "एवढं खरं बोलायची काय गरज होती?" आणि उत्तर न ऐकताच निघून आले होते. आता त्या शेडवर जायला कारणही उरलं नव्हतं.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी दुकानाच्या पायरीशी सायकल थांबली. धुतलेला शर्ट, नखांत मात्र काळं ग्रीस तसंच.

"काच हवी होती."

"कशासाठी?" मी मान वर केली नाही.

"शेडच्या खिडकीसाठी."

जवळजवळ चार आठवडे मी त्या शेडमध्ये ये-जा केली होती. "तुमच्या शेडला खिडकीच नाही."

"पाडून घेणार आहे."

"लोक आधी खिडकी पाडतात, मग काच घेतात."

"काचवालीनं काच दिली नाही, तर भिंत फोडून काय करू?"

मला हसू फुटलं. मी ते दाबलं. "माप?"

"दोन माणसं शेजारी उभी राहून बाहेर बघू शकतील… एवढी."

आतल्या खोलीत बाबांची खुडबुड एकदम थांबली. त्यांचा आवाज आला, "नीट विचार कर हं. काच एकदा कापली की परत जोडता येत नाही."

"मी विचार करूनच आलोय, काका."

"तुला कोण विचारतंय? मी तिला विचारतोय."

तो काउंटरच्या पलीकडे उभा, श्वास रोखून. मी दुकानातली सगळ्यात मोठी काच टेबलावर आडवी घातली, पट्टी लावली आणि कापायचा हिरा हातात घेतला.

"बाबा," मी म्हटलं, "दुसऱ्या बाजूनं जरा धरता का?"