आणखी एक खेप

त्या दिवशी सरलाबाई घरातून निघाल्या त्या एक पेन ड्राइव्ह भरून आणायला. उन्हं उतरली होती. सुरतेतल्या डिंडोलीच्या नाक्यावर पाणीपुरीच्या गाड्या लागल्या होत्या आणि मोबाइलच्या दुकानात नेहमीसारखी गर्दी होती. दुकानदाराने सुनेच्या फोनमधला सिनेमा पेन ड्राइव्हमध्ये उतरवला आणि म्हणाला, "मावशी, जागा पुष्कळ उरली आहे. नवे पिक्चर टाकून देऊ?"

"नको भाऊ. तेवढा एकच पुरे."

"एकच? पाहून पाहून कंटाळा येईल की!"

"त्यात मना मालक शे," त्यात माझे मालक आहेत, असं सरलाबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या आणि पदराला गाठ मारून निघाल्या.

आता तुम्ही म्हणाल, पाहिलेलं पुन्हा काय पाहायचं? सरलाबाईही एके काळी तेच म्हणायच्या. त्यांची सून जयश्री साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी आणायची आणि समोर एक जुनी मालिका लावून ठेवायची. तीच ती. कधीच संपलेली. "शिळ्या कढीला किती ऊत आणशील गं?" सरलाबाई चिडवायच्या. जयश्री मान वर न करता सांगायची, "आत्याबाई, पुढे काय होणार ते माहीत असलं म्हणजे खड्यावरची नजर उचलावी लागत नाही. आणि नवीन काही वाईट होत नाही त्यात. जे झालं, तेवढंच." त्यांच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात.

सुकदेवआप्पा गेल्यावर सरलाबाईंना ते पटलं. आप्पा म्हणजे त्यांचे मालक. पर्वत पाटियाजवळच्या कापड मार्केटात जन्मभर साड्यांची पार्सलं वाहिली त्यांनी. माणूस मोठा तऱ्हेवाईक, पण लोभस. गल्लीतला कुंदन सुट्टीच्या दिवशी अहिराणी विनोदी सिनेमे काढायचा, लोकांनी फोनवर पाहायचे तसले. त्याने एकदा आप्पांना हमालाचंच काम दिलं. बिचाऱ्याने म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून पार्सलात चिंध्या भरून आणल्या होत्या. आप्पा असे भडकले! "खोटं वजन घेऊन चालू मी? अरे, चाल बदलते माणसाची. सगळं मार्केट हसेल मला!" शेवटी खरं भरलेलं पार्सल आणवलं आणि तेच खांद्यावर घेऊन ते चार मजले चढले.

सिनेमात त्यांचं काम एवढंच. घामाघूम होऊन वर पोचायचं. तिथे शेटजी पान खात म्हणतो, "आ माल आपणो नथी. नीचे लई जा!" हा माल आपला नाही, खाली घेऊन जा. मग आप्पा एकदा शेटजीकडे बघतात, एकदा जिन्याकडे बघतात आणि असा चेहरा करतात की सुतकातल्या माणसालाही हसू फुटावं. मग वळतात आणि मुकाट उतरायला लागतात.

दिवाळीनंतर आप्पा गेले. मार्केटातून आले, खाटेवर टेकले, पाणी मागितलं. सरलाबाई तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की सरलाबाई सिनेमा लावायच्या. आता तर पेन ड्राइव्ह थेट टीव्हीलाच लागला, म्हणजे आप्पा हातभर मोठे दिसायला लागले. सुरुवातीला त्या रडायच्या. मग हसायला लागल्या. मग नुसत्या बघत राहायच्या. पुढे पुढे आप्पांचा तेवढा भागच मागे घेऊन पुन्हा, पुन्हा लावायच्या.

एके दिवशी आप्पांनी कठड्याला हात लावला.

सरलाबाई सावरून बसल्या. आजवर आप्पा तिसऱ्या मजल्यावर कठड्याला हात लावत नव्हते. दोन्ही हात पार्सलावर असायचे. "जयू, हे आधी व्हतं का गं?"

"असेल आत्याबाई. लक्ष गेलं नसेल," जयश्री खडे वेचता वेचता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आप्पा तिथे क्षणभर थांबले. त्यानंतर कधीतरी त्यांच्या सदऱ्याच्या खांद्याला फाटल्यासारखं दिसलं. सरलाबाई घाबरल्या का? छे! त्यांना तर आनंदाचं भरतं आलं. मेलेला माणूस आहे तसा राहतो. बदलतो तो जिवंत. माझा माणूस त्या जिन्यात आहे, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्या दिवसातून जास्त जास्त वेळा सिनेमा लावू लागल्या.

मग आवाज सुरू झाला.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर. भर दुपारी सगळी बिल्डिंग झोपलेली असायची. मार्केटातल्या जिन्यावर आप्पा चढायला लागले की त्यांच्या स्वतःच्या जिन्यावरही पावलं वाजायची. जड, ओझ्याखालची, प्रत्येक पायरीवर जरा टेकणारी. सोबत नव्या साड्यांच्या खळीचा आणि गोणपाटाचा वास. तीस वर्षं हाच वास रोज संध्याकाळी दारातून आत यायचा. सरलाबाईंनी दार उघडं ठेवलं आणि उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या. पावलं वर येत, येत, अगदी दाराशी येत. धापा ऐकू येत. आणि तेवढ्यात टीव्हीतला शेटजी म्हणे, "नीचे लई जा!" लगेच पावलं वळत आणि उतरून जात. तांब्या भरलेलाच. उंबऱ्याबाहेर मात्र घामाचे थेंब पडलेले असत. सरलाबाई ते बोटाने टिपायच्या.

असं करता करता अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशातला माणूस दिवाळी विसरेल, अखाजी विसरणार नाही. त्या दिवशी पितरांच्या नावाने नवी घागर भरायची, त्यांच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकायचा. पितर दारी येतात, पाणी पितात, तृप्त होऊन जातात. सरलाबाईंनी पुरण घातलं, आमरस केला. पण फोटोपाशी अडलं. आप्पांचा धड फोटोच नव्हता. आधार कार्डावरचा मोठा करून आणला होता, त्यात आप्पा कोणीतरी परकेच वाटत होते.

"सिनेमाच लावा," सरलाबाई म्हणाल्या. "त्यासना चेहरा आला का थांबाडी ठेवा."

मुलगा लखन हसला. पण त्यालाही ते आवडलं. आप्पा शेवटच्या वळणावर आले, चेहरा समोर झाला, आणि लखनने सिनेमा तिथेच थांबवला. टीव्हीला हार घातला. खांद्यावर पार्सल घेतलेले आप्पा घरातल्या सगळ्यांकडे बघत होते. घागर भरली, घास टाकला, पाहुण्यांची पंगत बसली. गप्पा रंगल्या. आप्पा तसेच उभे.

सरलाबाई वाढत होत्या. आमरसाची वाटी पुढे करताना त्यांची नजर टीव्हीकडे गेली. चित्र थांबलेलं होतं. आवाज नव्हता. पण आप्पांच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला आणि भुवईवरून डोळ्यात उतरला.

त्यांनी वाटी खाली ठेवली.

थांबलेल्या चित्रातले आप्पांचे गुडघे थरथरत होते. खांद्यावरचा सदरा लालभडक झाला होता. डोळा चुरचुरत होता, तरी ते तो पुसू शकत नव्हते. दोन्ही हात ओझ्याखाली होते ना!

"आत्याबाई..." जयश्रीने त्यांचं मनगट पकडलं. तिलाही दिसत होतं. "आत्याबाई, मामाजी..."

आप्पांचे ओठ हलले. आवाज टीव्हीतून आला नाही. उघड्या दाराबाहेरून आला, जिन्याच्या वळणावरून.

"लखननी माय... वझं उतार वं..."

 पंगतीत कोणाचा हात पानात थांबला, कोणाचा तोंडाशी. लखन पांढराफटक पडला. सरलाबाई रिमोटवर झेपावल्या आणि सापडेल ते बटण दाबलं. सिनेमा चालू झाला. पान खाणारा शेटजी म्हणाला, "आ माल आपणो नथी. नीचे लई जा!" आप्पांनी शेटजीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. यावेळी कोणाला हसू आलं नाही. दाराबाहेर पावलं वळली आणि एक एक पायरी उतरत गेली. घरातल्या सगळ्यांनी ती ऐकली.

सरलाबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "मी काय करी बसनू रे देवा! बिचारा मरी गया तरी मी त्याले हमालीच करायले लावी! दरदिन... दरदिन मी त्याले चढावं!"

जितक्या वेळा त्यांनी पाहिलं तितक्या वेळा तो माणूस चढला होता. थांबवलं तेव्हा ओझ्याखाली उभा राहिला होता. आणि त्या आपल्या प्रेमाने बघत बसल्या होत्या!

पेन ड्राइव्ह त्यांनी वरवंट्याने ठेचला. पाहुण्यांच्या, लखनच्या, जयश्रीच्या फोनमधून सिनेमा काढायला लावला आणि तशाच उन्हात कुंदनचं दार गाठलं. कुंदन मुलगा गुणी. त्याने काही विचारलं नाही. त्यांच्यासमोर सिनेमा काढून टाकला. पण फोन खाली ठेवेना.

"काय झालं रे?"

"मावशी... आप्पांचा तेवढा तुकडा कोणीतरी कापून घेतलाय. चढतात, शेटजी बोलतो, उतरतात. लोकांना फार आवडला. कोणी त्याला गाणं लावलं, कोणी काय. कुठे कुठे गेला असेल... ते आता माझ्या हातात नाही."

"किती जन पाहतस?"

कुंदनने फोनचा पडदा त्यांच्यापासून वळवला. मग हळूच म्हणाला, "आणि तो संपत नाही, मावशी. संपला की आपोआप पहिल्यापासून सुरू होतो."

परतताना रिक्षाच्या रांगेत एक जण फोनवर वाकून हसत होता. "नीचे लई जा!" पानाच्या टपरीवर पुन्हा तेच. बाल्कनीतून तेच. सरलाबाई कानांवर हात ठेवून चालत होत्या. सगळं सुरत त्यांच्या माणसाला चढवत होतं, उतरवत होतं, आणि त्यात कोणाच्या मनात पाप नव्हतं. हसत होते बिचारे लोक. त्यांचा तरी काय दोष?

आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात पोचल्या आणि वळणावर मटकन बसल्या. खालून पावलं येत होती. गोणपाटाचा वास आला. धापा अगदी चेहऱ्यावर आल्या. दिसत काहीच नव्हतं. सरलाबाई उठल्या, पदर खोचला, भिंतीला पाठ लावली आणि रिकाम्या हवेत दोन्ही हात वर केले.

"द्या," त्या म्हणाल्या. "अर्धं मना खांदावर द्या."

वजन आलं. असं आलं की गुडघे वाकले. पण धापा जरा कमी झाल्या. ते त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

त्यानंतर सरलाबाई दुपारच्या गाढ झोपायला लागल्या. टीव्ही बंदच असायचा. उठायच्या तेव्हा लुगडं घामाने भिजलेलं आणि उजवा खांदा सोललेला. जयश्री हळद लावायची, काही विचारायची नाही. सरलाबाईंचा चेहरा मात्र शांत असायचा. कितीतरी महिन्यांनी असा शांत.

एका दुपारी जयश्री खडे लावलेल्या साड्या पोचवून आली ती दारातच थबकली. सरलाबाई नुकत्याच उठल्या होत्या. जयश्री त्यांच्यापुढे खाली बसली. 

"आत्याबाई, रिक्षात एका बाईच्या फोनवर... मी नको नको म्हणताना दिसलं. मामाजी चढत होते. त्यांच्या मागे... डोक्यावर पदर... पार्सलाला खांदा लावून..."

"मीच ती," सरलाबाई म्हणाल्या. "घाबरू नको. आते निम्मंच वझं शे त्यासले. परवा तं माले पाहीसन हासनात बी."

"ते कळलं मला." जयश्रीने त्यांचा हात धरला. "पण जिन्याच्या तळाशी... आणखी एक पार्सल ठेवलंय. बांधून. ते आधी नव्हतं. ते कोणी उचलायचं, आत्याबाई?"

सरलाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. दोन-तीन दिवस दुपारच्या झोपेत चढताना त्यांनाही ते दिसत होतं. आपल्यालाच असेल, उचलू तेही, असं म्हणून त्यांनी काल त्याला हात घातला होता. ते जागचं हललं नव्हतं. दुसऱ्या कोणासाठी ठेवलेलं असावं, तसं.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. दोघींनी दाराकडे पाहिलं. लखन कामावरून लवकर आला होता. मिलच्या ऑफिसात खुर्चीवर बसून कॉम्प्युटरचं काम करायचं त्याचं. जन्मात ओझं उचललं नव्हतं पोराने. आप्पांनी उचलूच दिलं नव्हतं.

तो दारातच भिंतीला टेकला, मान वाकडी करून.

"जयू, जरा तेल गरम कर," तो म्हणाला. "सकाळपासून खांदा भरून आलाय... काय झालंय कोण जाणे."