कळमनुरीतला जगाचा अंत

"मागं राहणाऱ्या मॅडम तुमीच का?"

बालवाडीच्या दारात उभ्या राहिलेल्या त्या तरुणानं इतक्या आदरानं विचारलं, की रागवावं का हसावं, हे करुणाला कळेना. तिच्या चिमटीत कुणाचं तरी वाहतं नाक होतं. त्याच्या खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा, कपाळावर घाम, आणि डोळे... डोळ्यांचं नंतर बघू, असं तिनं ठरवलं.

"कशाच्या मागं?"

"जगाच्या अंताच्या. पास्टर म्हणले, मॅडम तयार हायेत. मी धम्मदीप. हिंगोलीहून आलो. शूटिंगवाला."

झालं होतं असं. एकोणीसशे नव्याण्णवचा फेब्रुवारी होता. दोन हजार साल उजाडायच्या आत जग बुडणार, ही खबर चहाच्या हॉटेलापर्यंत पोचली होती. ख्रिस्ती प्रार्थनाघराचे पास्टर वसराम यांनी त्यावर तासाभराची फिल्म काढायचं मनावर घेतलं. गावोगाव टीव्ही-व्हीसीआर लावून ती दाखवायची होती. कथा सरळ होती: कर्णा वाजतो, विश्वासणारे क्षणात वर आभाळात घेतले जातात, बाकीचे मागं राहून पस्तावतात. घोटाळा एवढाच झाला, की मंडळीतले सगळे वर जायला तयार आणि मागं राहायला कुणीच नाही. "खोटं का असंना, लोकं काय म्हणतील?" असं मंडळीतल्या म्हाताऱ्या धुरपताबाईंनी ठणकावलं, तेव्हा उरलेसुरलेही वरच्या यादीत गेले. मग पास्टरनी बाहेरची माणसं शोधली. प्रार्थनाघराच्या खोलीत बालवाडी चालवणारी करुणा म्हणजे रिटायर मास्तर जळबा गुरुजींची मुलगी. दुसरं माणूस मिळेना, म्हणून कॅमेरावालाच. दोघंही बौद्ध. त्यांची हरकत नव्हती. त्यांच्या समजुतीप्रमाणे कुणीच वर जाणार नव्हतं.

शूटिंग दर रविवारी दुपारी असे. गावाबाहेर हळद शिजत होती, तिचा उग्र गोडसर वास जगाच्या अंतावर पसरलेला. धम्मदीपनं आजवर फक्त लग्नं काढली होती. गायब होण्याची युक्ती मात्र त्याला ठाऊक होती. त्यानं ओरडायचं, सगळ्यांनी दगड व्हायचं, कॅमेरा बंद. वर जाणाऱ्यांनी घरून आणलेले जादा कपडे जागेवर ठेवून बाजूला पळायचं, मग कॅमेरा चालू. धुरपताबाईंनी पेटीतून आणलेलं लुगडं चौघडी घालून जागेवर ठेवलं.

"आजी, आभाळात जाताना घडी घालून जाता व्हय?"

"मग काय फेकून जाऊ? नवं हाय!"

घडीसकट शॉट पास झाला.

दुसऱ्या रविवारी पास्टरनी टीव्हीवर कॅसेट लावली आणि मागं नेऊन पुन्हा एकदा पाहिली.

"धम्मदीप, धुरपताबाई वर गेल्या कवा?"

"गेल्या की."

"दिसल्या न्हाईत. करुणाबाईंचं कानातलं तेवढं दिसून राहिलं."

"सवय हाय पास्टर... नवरीवरून कॅमेरा हलवला, की लोकं भांडतात."

करुणा चहा ओतत होती. कप भरला, बशीही भरली.

"इथं नवरी कोण हाय?" नंतर तिनं हळूच विचारलं.

"न्हाई... सवय, म्हणलं ना."

"वाईट सवय हाय तुमची."

"सुटंना," तो म्हणाला — आणि पुसलेली लेन्स पुन्हा पुसू लागला.

हे असंच गोडीगुलाबीत चाललं असतं. पण परभणीचं स्थळ आलं. मुलगा सरकारी ऑफिसात क्लार्क. शेवटच्या रविवारी चार वाजता गुरुजी एसटीडी बूथवरून होकार कळवणार होते. शिवाय, आता ओळखीचा झालाय म्हणून साखरपुड्याचं शूटिंग त्यांनी धम्मदीपलाच सांगून टाकलं. आणि त्यानं ते घेतलं.

"काहून घेतली ऑर्डर?" करुणा म्हणाली.

"गुरुजींनी विचारलं... मी काय म्हणणार?"

"न्हाई म्हणायला किती वेळ लागतो?"

तो कॅमेऱ्याची पिशवी भरू लागला. तिनं आठवडाभर बालवाडीतल्या पोरांना उगाचच रागावून घेतलं.

शेवटच्या रविवारी, तीन वाजता, बाजाराच्या रिकाम्या मैदानात शेवटचा सीन. दोघांच्या तोंडाला राख फासलेली. कॅमेरा स्टँडवर, मागं पास्टर. करुणानं म्हणायचं होतं, "सगळे गेले. आता आपण दोघंच उरलो," आणि रडायचं होतं. तीनदा म्हणताना तिला हसूच आलं.

"करुणाबाई, जग बुडालंय," पास्टर काकुळतीला आले. "हसू नका."

चौथ्यांदा ती हसली नाही. "आपण दोघंच उरलो," म्हणताना तिचे डोळे खरोखर भरून आले. साडेतीन वाजत आले होते.

धम्मदीपचं वाक्य होतं, 'आता पस्तावून काय उपयोग!' ते तो बोललाच नाही.

"त्या साखरपुड्याला मला कॅमेऱ्यामागं उभं राहायचं न्हाई."

"मग... कुठं राहायचं हाय?"

"तुमच्या बाजूला."

वाऱ्यानं थोडी राख उडाली. पास्टरनी कागद चाळले.

"हे लिहिलेलं न्हाई."

"न्हाई, पास्टर."

"बरं," म्हणून पास्टरनी कॅमेरा बंद केला. करुणा तोवर चालू लागली होती. "चला लवकर! बाबा निघाले असतील!"

एसटीडीच्या काचेआड गुरुजींनी रिसीव्हर कानाला लावला होता. दार उघडून राखेनं माखलेली लेक आत आली, मागून तसाच एक तरुण, त्यामागं हातात बायबल घेतलेले, धापा टाकणारे पास्टर.

"करुणे! कुठं आग लागली?"

"आग न्हाई, बाबा. परभणीला न्हाई म्हणून सांगा."

रिसीव्हरमधून 'हॅलो, हॅलो' येत राहिलं. गुरुजींनी त्यावर हात ठेवला, एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा धम्मदीपकडं. बत्तीस वर्षं वर्गात उभे राहिलेले गृहस्थ. कुणी काय केलंय, ते चेहऱ्यावरून ओळखायचे.

"लग्नसराई चार महिने. बाकीचे आठ महिने काय करतोस?"

"वाढदिवस, निरोप समारंभ... मिळंल ते करतो, गुरुजी."

"आणि हे पास्टरसाहेब तर म्हणून राहिले, डिसेंबरच्या पुढं काहीच न्हाई. मग संसार कधी करणार तुमी?"

सगळ्यांनी पास्टरकडं पाहिलं. त्या एका दिवसाची वाट पाहण्यात पास्टर वसराम यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांनी आभाळाकडं नजर टाकली, मग त्या दोन राखाडी चेहऱ्यांकडं, आणि घसा साफ केला.

"ह्यांची पोरं शाळेत जायपर्यंत तरी काही होत न्हाई, गुरुजी. मी जामीन."

गुरुजींनी रिसीव्हर पुन्हा कानाला लावला. "हॅलो... माफ करा, पोरीचं ठरलं. कवा? हे... आत्ताच."

बाहेर येऊन करुणानं ओढणीच्या टोकानं धम्मदीपच्या गालावरची राख पुसायला घेतली. ती आणखीच पसरली. पण तिनं पुसणं काही थांबवलं नाही.