चौदाव्या रांगेतली बहिरी खुर्ची

"उठा... उठा तिथून! त्या खुर्चीला कान नाहीत."

सभागृहात शिरून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि कुणीतरी माझ्यावर खेकसत होतं. मीही काही कमी नाही. म्हटलं, "खुर्चीला नसतील, मला आहेत. हळू बोला!"

तो हसला. इथला साउंडवाला, सगळे त्याला कानसेन म्हणायचे. मी ग्रंथालयातली. महिनाअखेर सभागृह पाडणार होते, म्हणून त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

तो इतिहास मला कानसेननेच सांगितला. आधी बर्फाचं गोदाम, मग नाचघर, मग गाण्याबजावण्याची जागा. आणि ही चौदाव्या रांगेतली, खांबाआडची खुर्ची... मागचे जाड पडदे आवाज गिळायचे, स्टेजवरचं काही ऐकूच यायचं नाही. तिचं तिकीट कधी कुणाला विकलं नाही.

अंथरुणाला खिळलेल्या आईला शेजारच्या काकूंवर सोपवून मी रोज दुपारी जाऊ लागले. जुनी पत्रकं चाळताना बोटाला बोट लागायचं... मग दोघंही उगाच पत्रकावरची तारीख मोठ्याने वाचायचो!

त्याला दूरच्या शहरात दोन वर्षांचं काम मिळालं. सोमवारी निघायचं होतं. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी मी, मूग गिळून बसले.

शेवटच्या दुपारी दमून त्याच खुर्चीत टेकले. तो स्टेजवर वायरी गुंडाळत होता.

"ऐकू येतंय का?" त्याने विचारलं.

स्वच्छ येत होतं. सकाळी पडदे त्यानेच उतरवले होते, आणि हा आवाजातला माणूस ते साफ विसरला होता! गंमत म्हणून मी गप्प राहिले.

"नाही ना? मग सांगून टाकतो." त्याने वायर खाली ठेवली. "तुम्ही मला आवडता. फार. पण आईंना सोडून तुम्ही येणार नाही. मी विचारलं तर नाही म्हणताना तुम्हालाच जड जाईल... म्हणून विचारत नाही."

माझी गंमत कुठल्या कुठे गेली.

"पडदे कुणी काढले सकाळी?" मी हळूच म्हटलं.

तो माझ्यामागच्या उघड्या भिंतीकडे बघतच राहिला. "अरे देवा..."

मग खाली येऊन शेजारी बसला. मी रडत होते, लपवलंही नाही.

"नाहीच येता येणार मला. आणि खरंच जड जातंय म्हणायला. पण न बोलता गेला असतात ना, तर जन्मभर माफ केलं नसतं."

"वाट बघा असं नाही म्हणणार मी..."

"नका म्हणू. मी न सांगताच बघणार आहे."

खुर्च्या उचलणारी माणसं पहिल्या रांगेपासून निघाली होती. आमच्यापर्यंत यायला त्यांना तासभर तरी लागणार होता. तेवढा वेळ मी त्याचा हात सोडला नाही.