दर सोमवारी डावीकडे

तिसरा स्टिकर तिने नखाने उचकटला. तो अजून बोटाला चिकटलेला होता, तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, "हे… हे तुम्ही काय केलंत?"

ती उकिडवी बसल्या बसल्याच वळली. पुलाच्या ऑफिसात सगळे तिला मोजपट्टी म्हणत, कारण मोजल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नसे. नोकरीला लागून सातच आठवडे झाले होते. एवढ्यात तिने पादचारी पुलाची फळी न् फळी तपासायला घेतली होती आणि आज सोमवारी सकाळी ती पुलाच्या मध्यावर पोचली होती. मागे एक उंच तरुण उभा होता. खांद्यावर ट्रायपॉड, चेहऱ्यावरचा रंग पार उडालेला.

"नियम सहा," ती म्हणाली. "ट्रायपॉडसाठी पुलावर खुणा करायच्या नाहीत. पाटी तिकडे आहे."

"पाटी मला पाठ आहे. पाय पांढऱ्या रेषेच्या आत. एका जागी पंधरा मिनिटं. ट्रायपॉड सोडून जाऊ नये. दुसऱ्याच्या ट्रायपॉडला हात लावू नये. आणि सहावा…" तो मटकन खालीच बसला. "सहावा मी तीनशे साठ दिवस मोडलाय."

मग त्याने पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे बंद पडलेल्या कारखान्याची चिमणी उभी होती. त्याच्या बाबांनी तिथल्या बॉयलरवर एकतीस वर्षं काढली होती. येत्या शनिवारी चिमणी पाडणार होते. बाबांना आता पुलापर्यंत चालवत नसे, म्हणून हा रोज सकाळी एकाच जागेवरून तिचा एक फोटो काढायचा. तीनशे पासष्ट फोटो झाले की एकापुढे एक लावून छोटी फिल्म करायची, आणि शुक्रवारी रात्री बाबांना दाखवायची. ट्रायपॉडच्या तीन पायांच्या जागी तीन स्टिकर… ते आता तिच्या बोटावर होते.

तिने फळीवर स्टिकरांची खूण शोधली, एकही उरली नव्हती.

"कालचा फोटो बघून अंदाजाने लावा ना."

"अंदाजाने लावला की चिमणी टुणकन उडी मारते. बाबांच्या लगेच लक्षात येईल."

"आजचा घ्या अंदाजाने. उद्यापर्यंत मी तुमची जागा शोधून देते. मिलिमीटरपर्यंत."

"कशी?"

"फोटोवरूनच. हा दिव्याचा खांब जवळ आहे, चिमणी लांब. कॅमेरा जरा जरी सरकला, तरी दोघांमधली फट बदलते. फट मोजायची आणि उलटं गणित करायचं. सगळे फोटो द्या."

"सगळे?" तो एकदम दचकला. "शेवटचे दहा पुरतील की."

"दहांत चूक राहते."

"मला चालेल थोडी चूक."

"मला नाही चालत."

त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, परत आत टाकला, पुन्हा काढला. शेवटी तिच्या तळहातावर ठेवताना म्हणाला, "रागावू नका, एवढंच."

राग कशाचा, हे तिला संध्याकाळी घरी कळलं. पहिले तीनशे अठरा दिवस फट तसूभरही बदलली नव्हती. मग एका सोमवारी ती वाढली. पुढच्या सोमवारी आणखी. असं सहा वेळा. बेचाळीस दिवसांत कॅमेरा चांगला वीतभर डावीकडे गेला होता.

"अगं ताई, हे शक्यच नाही," ती जवळजवळ ओरडली. "चूक असती तर कधी डावीकडे झाली असती, कधी उजवीकडे. ही दर सोमवारी डावीकडेच होते. त्याने मुद्दाम सरकवलाय! स्वतःचंच वर्ष स्वतः बिघडवलंय, आणि सकाळी मला अपराधी करून गेला."

ताई कपडे घड्या करत होती. टॉवेल खांद्यावर टाकून ती स्क्रीनपाशी वाकली. "फट वाढली म्हणतेस. मग त्या फटीत आलं काय?"

"काय येणार? पुलाच्या टोकाची आमची केबिन. आधी खांबाआड होती."

"आणि केबिनच्या खिडकीत?"

तिने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. खिडकीत तिळाएवढी कोणीतरी उभी होती, भिंग पुसत. पुढच्या फोटोत चहा पीत. त्याच्या पुढच्यात…

"पिवळी ओढणी," ताई म्हणाली. "माझी. न विचारता नेलेली."

मोजपट्टीने कॅलेंडर उघडलं. फट वाढली तो पहिला सोमवार कोणता, ते दोनदा पाहिलं. ती कामाला लागली, त्याच्या पुढचाच. ताई हसत होती. हिने ते सहाही सोमवार पुन्हा मोजले.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ती त्याच्या जागेवर उभी होती.

"काल पाटी म्हणून दाखवताना तुम्ही पाचवा नियम गाळलात," ती म्हणाली. "कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नये."

त्याचे कान लाल झाले. "चेहरा ओळखू येत नाही हो. मी मोजलंय. स्क्रीनवर तो जेमतेम सात ठिपके उंच आहे."

"नऊ. आणि प्रश्न ठिपक्यांचा नाही. विचारायचं होतं."

"काय विचारणार? तुमची खिडकी खांबाआड जाते, जरा सरकता का, असं?"

"हो. सरकले असते मी."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. त्यालाही आलं असावं, कारण ट्रायपॉड त्याच्या खांद्यावरून निसटला आणि दोघांनी तो एकदमच धरला. दुसऱ्याच्या ट्रायपॉडला हात लावू नये… पण त्याने हात काढा म्हटलं नाही.

"माझं चुकलं," तो हळूच म्हणाला. "ते बेचाळीस फोटो काढून टाकतो."

"आणि बाबांना दीड महिना कमी दाखवणार? राहू देत. त्यांना खरं काय ते सांगा. चिमणी जागची हलली नव्हती, मुलगा हलला होता."

"त्यांना कळलंय. रोजचा फोटो ते घरी बघतातच. परवा विचारत होते, चिमणी कोणाला वाट देतेय रे म्हणून." तो थांबला. "मी म्हटलं, अजून विचारलं नाही."

ती झटकन खाली वाकली. फळ्यांवर पितळेचे तीन चकचकीत खिळे ठोकलेले होते, प्रत्येकाशेजारी ऑफिसचा बारीक शिक्का.

"हे मोजणीचे बिंदू आहेत. ऑफिसचे. शनिवारपर्यंत कोणीही काढायचे नाहीत. पहिल्या दिवशी तुम्ही जिथे उभे होतात, ती जागा."

त्याने तिन्ही पाय खिळ्यांवर ठेवले. कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि बराच वेळ डोळा काढला नाही.

"इथून खिडकी दिसत नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर खिडकीत नाहीये मी."

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, कठड्याला टेकून, पांढऱ्या रेषेच्या आत. शटर उघडं असताना पुलावर पाऊल उचलायचं नसतं. फळ्या थरथरतात आणि फोटो हलतो. दोघांनी श्वास धरला.

खट्… शटर बंद झालं.

पंधरा मिनिटांची मुदत कधीच संपली होती. मोजपट्टीने घड्याळाकडे पाहिलं नाही.