पडद्याच्या चार स्प्रिंगा

टण्ण...

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला आणि मी धावले. पडद्याची पांढरी स्प्रिंग खिळ्यातून सुटून भिंतीवर आपटली होती, पडदा जमिनीवर पडला होता, आणि पडद्याखाली आमची साडेचार वर्षांची तनया होती. अगदी गप्प, कारण गुन्हा मोठा होता.

"ही आजीची लाडकी स्प्रिंग आहे," मी म्हटलं.

"स्प्रिंग कशी लाडकी असेल?" पडद्याखालून प्रश्न आला.

मग तिला मांडीवर घेऊन सांगावंच लागलं.

त्या वर्षी, सत्त्याण्णव साली, माझ्या वर्गातले निम्मे मेकॅनिकल इंजिनियर कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसले होते. चार वर्षं गिअर काढलेली मुलं कोबोल नावाची कॉम्प्युटरची भाषा पाठ करत होती आणि एकेक करून विमानात बसत होती. मी मात्र भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत कन्व्हेयरची, म्हणजे माल सरकवणाऱ्या पट्ट्यांची, ड्रॉइंग काढत होते. बाबांना ते पाहवत नव्हतं. शेवटी आमचा करार झाला. मला पहिलंच स्वतंत्र काम मिळालं होतं. त्याची ट्रायल पास झाली तर बाबा क्लासचं नाव काढणार नव्हते. नापास झाली, तर पुढच्या सोमवारपासून मी कोबोल शिकायचं आणि ड्रॉइंग बोर्ड विसरायचा. क्लासचा फॉर्म त्यांनी भरून फ्रिजवर ठेवला होता. फक्त माझी सही बाकी होती.

काम होतं वारज्याच्या एका बेकरीचं. भट्टीतून निघालेली खारी पट्ट्यावरून सरकत यायची आणि टोकाला, खालच्या क्रेटमध्ये पडायची. शंभरातल्या बावीस मोडायच्या. चुरा वेगळा विकला जाई, काही गिऱ्हाइकं तर खास चुऱ्यासाठीच येत. पण मालकांचा जीव त्या बावीसांत अडकला होता. शंभरात पाचाच्या वर मोडता कामा नये, ही त्यांची अट.

पहिल्या दिवशी मी कोण ते न सांगताच गेले. दुकानातून पाव किलो खारी घेतली, बाहेरच्या बाकावर सहा इंची पट्टी उभी धरली, आणि एकेक खारी मोजून मापून खाली सोडायला लागले.

"खारी खायची असते, मॅडम. पाडायची नसते."

वर पाहिलं. एका भुवईला मैदा लागलेला, हातात वही, आणि चेहऱ्यावर काळजी. माझी नव्हे, खारीची.

"चार इंचांवरून मोडत नाही," मी म्हटलं. "सहावरून मोडते."

"आणि खाल्ली तर?"

"ते अजून तपासलेलं नाही."

"मग तपासा. आमच्याकडे पाहणी अर्धवट सोडत नाहीत." आणि त्याने आतून चहा मागवला.

हा आमोद. बेकरीचं सगळं उत्पादन त्याच्याकडे होतं. माझी ओळख कळल्यावर तो जरा ओशाळला, पण भुवईवरचा मैदा त्याने पुसला नाही, आणि मीही सांगितलं नाही... छान दिसत होता.

त्यानंतर दर मंगळवारी मी वारज्याला जायची. पावसाळाभर खारी मऊ पडते, मोडतच नाही. तेव्हाच ट्रायल उरकून टाका, कोणाला कळणार, असं तो गंभीर चेहऱ्याने सुचवायचा. मी म्हणायची, लबाडीने पास व्हायचं तर कोबोल काय वाईट. त्यावर तो हसायचा आणि बशीतली सगळ्यात अखंड खारी माझ्या बाजूला सरकवायचा. खारी दोन बोटांत, अगदी कडेला धरायची त्याची सवय होती. मंगळवारी परतताना बसमध्ये मला ती दोन बोटंच आठवत राहायची.

अडलं होतं ते एकाच जागी. क्रेट रिकामा असताना खारी वरून फूटभर खाली पडते; क्रेट वर उचलावा, तर तो भरल्यावर पट्ट्याला अडतो. मी सहा ड्रॉइंगं फाडली.

मग एका मंगळवारी आमोदने मला मथुराबाईंजवळ उभं केलं. पॅकिंगमधल्या सगळ्यांत जुन्या त्या. त्यांच्या क्रेटमध्ये चुरा नसतो, एवढंच तो म्हणाला. का नसतो ते तुम्ही शोधा. मी अर्धा तास पाहिलं आणि एकदम त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. पट्ट्याच्या टोकाशी बसलेल्या, क्रेट मांडीवर, टाचा वर उचललेल्या. जसजसा थर चढे, तसतशा टाचा हळूहळू खाली टेकत.

विचारलं तर त्या म्हणाल्या, "तिला पाडायचं नाय, बाई. आपणच वर तिच्याजवळ जायचं, अन् ती येईल तसं खाली बसायचं. एवढंच हाय."

त्या दिवशी मी बेकरीच्या पुठ्ठ्यावरच चित्र काढलं. क्रेट चार स्प्रिंगांवर टांगायचा. रिकामा असताना तो पट्ट्याच्या तोंडाशी राहील. एकेक थर पडला की वजनाने तेवढाच खाली जाईल. खारीला कायम चार बोटांचीच उडी. आमोद चित्राकडे पाहत होता, मग माझ्याकडे... मग पुन्हा चित्राकडे, जरा उशिराने.

फेब्रुवारीत ट्रायल ठरली. दुपारी बाराला मालक, आमचे साहेब, सगळे येणार. सकाळी नऊला मी पट्टा सुरू करून पाहिला. क्रेट हलेचना. खारीचा डोंगर झाला, वरून ओसंडली, जमिनीवर चुरा.

स्प्रिंगा कडक निघाल्या होत्या. ऑर्डरच्या पत्रात एका क्रेटचं वजन नऊ किलो लिहिलं होतं. ते नानकटाईचं होतं; खारी त्याहून कितीतरी हलकी. मी खारी पाडून पाहिली, मोडून पाहिली, खाऊनही पाहिली. वजन तेवढं केलं नव्हतं.

फ्रिजवरचा फॉर्म मला वारज्यातून दिसायला लागला.

"कशी हवी स्प्रिंग?" आमोदने एवढंच विचारलं.

"मऊ. लांब. बोटाने ओढली तरी ताणली जाईल अशी..." मी घड्याळाकडे पाहिलं. "तीन तासांत कुठे मिळणार?"

तो स्कूटरला किक मारून गेला. चाळीस मिनिटांत परत आला तो पडद्याच्या चार स्प्रिंगा घेऊन. घरोघरी दाराला असतात त्या, हुकांसकट. एकीत तर निळा पडदाही तसाच होता.

"कर्वेनगरला आमच्या घरच्या आहेत," तो धापा टाकत म्हणाला. "आई पूजेला बसली होती. आता उठली असेल."

आम्ही त्या दुहेरी करून चार कोपऱ्यांना अडकवल्या. हुक लावताना त्याची दोन बोटं माझ्या बोटांवर टेकली — आणि तिथेच राहिली, हुक बसल्यावरही.

बारा वाजता पट्टा फिरला. पहिला थर पडला. क्रेट अलगद, मथुराबाईंच्या टाचांसारखा, खाली बसला. दुसरा. तिसरा. दोनशे खारी झाल्यावर मथुराबाईंनी एकेक उचलून मोजल्या. चालणार होत्या दहा. मोडल्या होत्या तीन. मालकांनी पुन्हा मोजायला लावल्या. तीनच. मथुराबाई म्हणाल्या, टाचा उचलण्यातून माझे गुडघे सुटले.

गर्दी पांगल्यावर आमोदने क्रेटमधली एक खारी उचलली, मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली.

"ही मी मोडली. मशीनच्या खात्यात धरू नका."

"नाही धरत."

"आणि आईचा फोन आला होता," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हणाली, ज्या मुलीसाठी पडदे काढलेस, तिनेच येऊन लावायचे." मग हातातला चुरा झटकत, "मी तिला कुठल्याही मुलीबद्दल बोललो नव्हतो, पूर्णिमा. तिला कळलंच कसं..."

'मॅडम' जाऊन 'पूर्णिमा' आलं होतं. मी अर्धी खारी खाल्ली. हसत, रडत, चुरा सांडत.

मशीनसाठी नव्या स्प्रिंगा यायला आठ दिवस लागले. तोवर त्या घराला पडदे नव्हते. मी स्टुलावर चढून लावले तेव्हा मंदाकिनीबाई, म्हणजे आत्ताच्या सासूबाई, खालून म्हणाल्या, बरं झालं आलात. आठवडाभर आम्ही काय जेवतो ते सगळ्या सोसायटीला पाठ झालं. आणि बाबा? फॉर्म त्यांनी स्वतःच फ्रिजवरून काढला, त्यावर मी आणलेली खारी ठेवली, आणि चहा कुठाय म्हणून विचारलं.

तनयाने सगळं ऐकून घेतलं. मग मी स्टूल आणलं, स्प्रिंग ताणून खिळ्यात अडकवली, पडदा सारखा केला. ती खाली उभी राहून पडद्याचं टोक हलकेच ओढून स्प्रिंग ताणते का ते बघत होती. मध्येच थांबली.

"आई, त्या दिवशी खारी मोडली असती..."

"हं?"

"तर मी कुठे असते?"