दोन नंबरची टाकी

दुपारी तीनला धनश्री नेवाशाजवळच्या एका खाजगी दूध डेअरीत पोचली. काम साधंच होतं. दोन नंबरच्या टाकीतला, दूध ढवळणारा पंखा सुरू होत नव्हता. टाकीचं झाकण लागल्याशिवाय तो फिरू नये असं पीएलसीत, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकात, लिहिलेलं. आणि झाकण घट्ट लावलं तरी पीएलसी म्हणायचा, उघडं आहे. चार महिन्यांच्या संसारात धनश्रीला हटवादी माणसांची सवय होत आली होती. हे तर यंत्र.

तिनं लॅपटॉपची केबल पॅनेलला जोडली, तसा टाकीकडून वास आला. नासक्या दुधात केस जळावेत तसा. मॅनेजर भागवतराव शेजारी उभे राहून पेढा खात होते आणि बोटं पॅनेलच्या दाराला पुसत होते.

झाकणाचा स्विच बदलला. वायर तपासली. झाकण दाबून पाहिलं. पडद्यावर तेच... उघडं.

“फोर्स मारा अन् मोकळ्या व्हा,” भागवतराव म्हणाले. “आधीच्या इंजिनिअरनं न्हाई का मारला?”

फोर्स म्हणजे यंत्राच्या तोंडावर हात ठेवून त्याच्या वतीनं आपणच ‘हो’ म्हणायचं.

“मग तो काढला कधी?”

“कल्याणला टाकीतून काढल्यावर.” दातात अडकलेला पेढा त्यांनी जिभेनं सोडवला. “आत खरवडायला उतरला हुता. झाकण उघडं, पर पीएलसीला वाटलं बंद, अन् पंखा फिरला. काढला म्हंजे, घावला तेवढा काढला. तीनदा धुतली हो टाकी, मगच दूध भरलं.”

मघाशी आग्रहानं पाजलेल्या चहाचा रिकामा कप धनश्रीनं पायानं दूर सारला.

“आता पुंजाराम उतरंल. इतकी वर्सं कल्याण खालून बादली द्यायचा, ह्यो वर वढायचा. सांजच्या दुधाआधी खरवडून झालं पायजे. तवर तुमी फोर्स मारून ठेवा.”

“पुंजारामकाका आत असताना?”

“पाच मिनिटाचं काम हाय!”

धनश्रीनं मेन स्विच पाडला, त्याला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत आवळली.

“सासरी पन असंच कुलूप लावता का?”

“सासरी अजून कुणी टाकीत उतरलं नाही.”

भागवतराव पाय आपटत ऑफिसात गेले. म्हातारा पुंजाराम बादली घेऊन शिडीनं आत उतरला. धनश्री झाकणापाशी वर बसून राहिली. पदर नाकाला लावला, तरी वास जिभेवर बसत होता. आतून खरवडल्याचा आवाज येत होता. खर्रर्र... खर्रर्र...

“काका, बरं आहे ना?”

“व्हय. पन लई चिकाट हाय बाई... धुतल्यावानी वाटत न्हाई.”

अर्ध्या तासानं तो वर आला. कोपरापर्यंत पिवळट लोणी, त्यात काळे धागे. त्यानं शिडी ओढून घेतली. धनश्रीनं सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच पस्तावली. पुढचा श्वास घ्यावा लागला.

“अगं, बादली खालीच ऱ्हायली.”

टाकी दोन पुरुष खोल. तरी पुंजाराम पालथा पडला आणि त्यानं अंधारात हात घातला. क्षणभर चाचपला. मग बादलीची कडी त्याच्या हाताला लागली... अलगद, कुणी खालून उचलून धरल्यासारखी.

“हां,” वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो म्हणाला, “सोड आता.”

आणि भरल्या बादलीचं सगळं वजन एकदम त्याच्या हातावर आलं.